सतरंज्या उचलणाऱ्यांची प्रायमरी (अनुभव धागा)

धागाकर्ता

अमेरिकेत प्रायमरीचा (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचा) मोसम आला की पक्षाच्या जुन्या निष्ठावंताचं हल्ली काय होतं, हा विषय. पहिल्या खेपेला उमेदवाराचं भाषण ऐकून अंगावर काटा येतो. तिसऱ्या खेपेला तोच माणूस कागद-पेन घेऊन डेलिगेटांची (उमेदवारी ठरवणाऱ्या प्रतिनिधींची) बेरीज करत बसलेला असतो. पाचव्या खेपेला फोन वाजला की "असतील पंचवीस डॉलर मागणारे" म्हणून उचलतही नाही. पक्ष तोच, मत त्यालाच देतो, पण मोसमाबद्दलचं मन बदललेलं असतं.

आपल्याकडे तिकीट वरून येतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत एबी फॉर्म कुणाच्या गाडीतून येतोय याकडे अख्ख्या तालुक्याचे डोळे. सतरंज्या उचलणाऱ्याला त्यात कोण विचारतो? अमेरिकेत तिकीट सतरंजी उचलणाराच देतो, निदान कागदावर तरी. त्या कागदात काय लिहिलंय ते कळत गेलं की मन बदलतं, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा आपापल्या राज्यातलं लिहा. "मी रात्रभर जागलो, मला रडू आलं" नको. नियम, आकडे, कुठे आणि का फिसकटतं, नव्या माणसाने काय करावं, ते हवं. दोन्ही पक्षांचे लोक इथे आहेत. उमेदवारांवरून भांडायचं असेल तर दुसरा धागा काढा.

आयोवाकर

सुरुवात कॉकसपासून करतो, कारण या मोसमाचं वेड आणि वैताग दोन्ही आमच्याकडेच आधी उगवायचं.

डेमोक्रॅटिक कॉकस म्हणजे सभा. संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या तळघरात माणसं जमायची आणि उमेदवारानुसार कोपरे धरायची. डोकी मोजायची. ज्या गटाची माणसं ठरावीक टक्क्यांच्या खाली, तो गट बाद, त्यातल्या लोकांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी. केंद्रातून चार किंवा जास्त डेलिगेट निवडायचे असतील तर ही अट १५ टक्के, तीन असतील तर एक षष्ठांश, दोन असतील तर २५ टक्के. (एक षष्ठांश वाचून ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे अनामत जप्त होते तो आकडा.)

आता गणित बघा. केंद्रात ६० माणसं, डेलिगेट ४. पंधरा टक्के म्हणजे ९. समजा तीन गट उरले: २५, २५ आणि १०. सूत्र असं: गटाची माणसं गुणिले डेलिगेट, भागिले एकूण हजर. पंचविसांच्या गटाला १.६७, म्हणजे पूर्णांकात २. दुसऱ्यालाही २. दहांच्या गटाला ०.६७, म्हणजे १. बेरीज झाली ५, जागा ४. एक कुणाचा तरी कापायचा. नियम म्हणतो, ज्याच्याकडे एकच आहे त्याचा कापता येत नाही. मग उरले दोन पंचविशीवाले, दोघांचा अपूर्णांक सारखाच. तिथे नाणं उडवतात. शेवटी एका पंचविशीला २, दुसऱ्या पंचविशीला १ आणि दहा जणांनाही १. यात लबाडी कुणीच केलेली नसते. पण नव्या माणसाला हे टीव्हीवर दिसलं की त्याचा विश्वास उडतो, आणि जुना "गटात एक माणूस कमी पडला, शेजाऱ्याला आणायला हवं होतं" एवढंच म्हणतो.

३ फेब्रुवारी २०२० ला जे झालं ते यापेक्षा निराळं. त्या वर्षी पहिल्यांदाच प्रत्येक केंद्राने तीन आकडे द्यायचे होते: पहिल्या जुळणीची (गट बाद व्हायच्या आधीची) डोकी, शेवटच्या जुळणीची डोकी आणि डेलिगेट. त्यासाठी घाईत बनवलेलं अ‍ॅप पुरेसं तपासलेलं नव्हतं. अ‍ॅप चालेना म्हणून केंद्रप्रमुखांनी फोन लावले, तर लाइन तुंबलेली. आकडे आले तेव्हा तिघांचा आपसात मेळ बसेना. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने विजेता जाहीरच केला नाही. जमेची बाजू एवढीच की त्या वर्षी माणसागणिक कागदी पसंतीपत्र सुरू केलं होतं, त्यामुळे फेरमोजणीला हातात काहीतरी होतं.

रिपब्लिकन कॉकस साधा: भाषणं ऐका, चिठ्ठीवर नाव लिहा, मोजा. तरी २०१२ साली रात्री रॉमनी ८ मतांनी पुढे म्हणून सांगितले गेले आणि दोन आठवड्यांनी प्रमाणित आकड्यांत सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. आठ केंद्रांचे कागद सापडलेच नाहीत. तोवर मोसम पुढच्या राज्यांत निघून गेला होता.

२०२४ ला डेमोक्रॅट्सनी पसंतीपत्रं टपालाने घेतली आणि निकाल ५ मार्चला लावला. कॉकस गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी रात्रपाळीच्या नर्सचा आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचा विचार करावा. त्या पद्धतीत त्यांना मतच नव्हतं.

एडिसनकर

न्यू जर्सीची गोष्ट उलटी. आमचा मोसम जूनमध्ये. तोवर राष्ट्राध्यक्षपदाचं बहुतेक ठरलेलं असतं, त्यामुळे निष्ठावंताचं सगळं लक्ष खालच्या पदांवर. आणि तिथे इतकी वर्षं "लाइन" होती.

लाइन म्हणजे काय ते मतपत्रिका डोळ्यांसमोर आणल्याशिवाय कळत नाही. काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पक्षाने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे, सिनेटरपासून गावाच्या कौन्सिलपर्यंत, एकाच रांगेत एकाखाली एक. वर पक्षाचं घोषवाक्य. बाकीचे उमेदवार दूर, मधे दोन-तीन रिकामे रकाने सोडून, कधी अनोळखी माणसाच्या खाली चिकटवलेले. त्या भागाला इथले लोक "सायबेरिया" म्हणतात. मतदार वरून खाली सरळ बोट फिरवतो आणि बाहेर पडतो. राज्याच्या २१ पैकी १९ काउंट्यांत हीच पद्धत होती. त्यामुळे खरी प्रायमरी जूनमध्ये नसायचीच, ती मार्चमध्ये काउंटी अध्यक्षाच्या खोलीत उरकायची. एबी फॉर्मची आठवण येते ती इथे.

२९ मार्च २०२४ ला सिनेटचे उमेदवार अँडी किम यांच्या दाव्यात संघीय न्यायाधीशांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही मांडणी थांबवली. पदागणिक चौकोन करा आणि त्या पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकोनात द्या, असा आदेश. नंतर कायदाही आला. आता नव्या पत्रिकेवर जुन्या मतदाराची एक चूक होते: सरळ खाली बोट फिरवायची सवय असल्याने पहिला चौकोन भरून तो पुढचे विसरतो. दारावर जाल तेव्हा नमुना पत्रिका दाखवा, नुसतं नाव सांगून भागत नाही.

आणखी एक. कुठल्याही पक्षात नोंद नसलेला मतदार इथे प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देऊ शकतो. पण आधीच दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर बदल ५५ दिवस आधी व्हायला हवा. "मी तर अपक्ष आहे" असं छातीठोक सांगणारे अनेकजण दहा वर्षांपूर्वी कुठल्या तरी प्रायमरीत मत देऊन बसलेले असतात, आणि तीच नोंद चालू असते. एप्रिलच्या आधी ऑनलाइन बघून घ्या.

सतरंजीवाल्यांसाठी खरी जागा म्हणजे काउंटी कमिटी. आपल्या वॉर्डाएवढ्या भागातून दोघं निवडून जातात, सह्या मोजक्याच लागतात, आणि कितीतरी जागा रिकाम्या पडलेल्या असतात. पाठिंबा कुणाला द्यायचा ते याच कमिटीने ठरवायचं असतं. टीव्हीसमोर बसून चिडण्यापेक्षा ही खुर्ची स्वस्त पडते.

ह्यूस्टनकर

मी दुसऱ्या पक्षाचा, म्हणजे रिपब्लिकन. चालेल ना?

टेक्ससमध्ये मतदाराची पक्षनोंदणी नसते. मार्चमध्ये केंद्रावर जाऊन कुठली पत्रिका हवी ते सांगा. पण एकदा सांगितलंत की त्या वर्षापुरते त्या पक्षाचे. बहुमत कुणालाच मिळालं नाही तर पहिल्या दोघांत मे महिन्यात फेरलढत होते, आणि मार्चमध्ये एका पक्षात मत देणाऱ्याला मेमध्ये दुसऱ्या पक्षाच्या फेरलढतीत मत देता येत नाही. मार्चमध्ये मतच न दिलेला माणूस मात्र मेमध्ये कुठेही जाऊ शकतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

आमच्याकडे बहुतेक मतदारसंघ असे कापलेत की नोव्हेंबरचा निकाल मार्चमध्येच ठरतो, आणि मेच्या फेरलढतीला माणसं येतात त्याहून कितीतरी कमी. २८ मे २०२४ ला विधानसभेचे सभापती डेड फेलन स्वतःच्या मतदारसंघात चारशेहून कमी मतांनी वाचले. चारशे म्हणजे दोन मोठ्या अपार्टमेंट संकुलांतली माणसं. मेमध्ये एक माणूस केंद्रावर नेला तर त्याचं वजन नोव्हेंबरच्या कित्येक माणसांएवढं पडतं.

टपाली मत इथे ६५ वर्षांपुढच्यांना, आजारी-अपंगांना, काउंटीबाहेर असणाऱ्यांना, अशा थोड्यांनाच. २०२१ च्या कायद्याने पाकिटाच्या झाकणाखाली ओळख क्रमांक लिहायला लावला: ड्रायव्हिंग लायसन्सचा नाहीतर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. अडचण अशी की तो क्रमांक तुमच्या नोंदणीत आहे त्याच्याशीच जुळायला हवा, आणि वीस वर्षांपूर्वी नोंदणी करताना कुठला दिला होता ते कुणाला आठवतंय? २०२२ च्या मार्चमध्ये सुमारे १२ टक्के टपाली मतं याच भानगडीत बाद झाली. उपाय सोपा आहे: दोन्ही क्रमांक लिहा. आई-वडील नागरिक असतील आणि टपालाने मत देत असतील तर झाकण चिकटवायच्या आधी स्वतः बघा.

आयोवाकरांच्या १५ टक्क्यांवर एक शब्द. आमच्या पक्षात वाटप राज्य ठरवतं, आणि १५ मार्चपासून "जिंकेल त्याला सगळं" चालतं. २०१६ ला फ्लोरिडात ट्रंप यांना मतं ४६ टक्क्यांच्या आसपास आणि डेलिगेट सगळे, ९९ च्या ९९. साउथ कॅरोलायनात तर साडेबत्तीस टक्क्यांवर सगळे ५०. तिथल्या सूत्रात राज्य आणि प्रत्येक काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) मतदारसंघ वेगळा धरतात, आणि ट्रंप सगळीकडे पहिले होते. बाकी पाचजणांत दोन-तृतीयांश मतं वाटली गेली, त्यांच्या हाती भोपळा. ज्यांना हे आवडलं नाही ते अजून "मतं फुटली" म्हणतात. फुटली हे खरं, पण फुटू नयेत यासाठी कुणी आधी माघार घ्यायची यावर तेव्हा कुणाचंच एकमत नव्हतं.

आयोवाकर

टेक्ससचा उल्लेख झालाच आहे तर २००८ सांगायला हवं. तेव्हा तिथे डेमोक्रॅट्सचा दोन टप्प्यांचा नाच होता: दिवसा प्रायमरी, रात्री त्याच ठिकाणी कॉकस. १९३ डेलिगेटांपैकी १२६ प्रायमरीतून, ६७ कॉकसमधून. मतांत हिलरी क्लिंटन पुढे, प्रायमरीतून त्यांना ६५, ओबामांना ६१. कॉकसमध्ये ओबामांना ३८, त्यांना २९. एकूण ओबामा ९९, क्लिंटन ९४. राज्य एकीने जिंकलं, डेलिगेट दुसऱ्याने. दिवसभर मत देऊन रात्री पुन्हा यायचं असतं हे ज्या छावणीने आपल्या माणसांना नीट समजावलं, ती पुढे गेली. २०१६ पासून तो रात्रीचा खेळ बंद.

फ्रीमाँटकर

कॅलिफोर्नियात घरबसल्या सगळं. पत्रिका प्रत्येक मतदाराला टपालाने येते, निवडणुकीच्या जवळजवळ महिनाभर आधी. जुना निष्ठावंत ती आली त्याच संध्याकाळी भरून टाकतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत हे करू नका. २०२० ला आमची प्रायमरी ३ मार्चला होती. डेमोक्रॅटिक उमेदवारांपैकी स्टायर २९ फेब्रुवारीला, बुटिजेज १ मार्चला आणि क्लोबुचार २ मार्चला बाहेर पडले. तोवर ज्यांनी पाकीट टाकलं होतं त्यांची मतं गेली ती गेली, कारण एकदा पोचलेली पत्रिका इथे मागे घेता येत नाही. आधीची राज्यं होऊ द्या, शेवटच्या आठवड्यात अधिकृत पेटीत टाका. निवडणुकीच्या दिवसाचा टपालशिक्का असेल तरी चालतं, पण पोस्टाच्या डब्यात संध्याकाळी टाकलेल्या पाकिटावर शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडू शकतो.

सही हा दुसरा घोळ. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडतात. आपल्या मंडळींची सही नोंदणीत इंग्रजीत पूर्ण नाव आणि आता नुसती रेघ, किंवा तेव्हा मराठीत आणि आता इंग्रजीत. जुळली नाही तर पत्र येतं, ते जाहिरातीसारखं दिसतं आणि लोक फेकतात. ते पत्र म्हणजे मत दुरुस्त करायची संधी आहे, फेकू नका.

पक्षनोंदणीत "नो पार्टी प्रेफरन्स" असेल तर राष्ट्राध्यक्षपदाचा रकाना कोराच येतो. डेमोक्रॅटिक पत्रिका वेगळी मागावी लागते. आणि "इंडिपेंडंट" म्हणजे अपक्ष समजून कित्येकांनी अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी या चौकोनात खूण केलेली असते. तो एक पक्ष आहे, अगदी उजवा. मग मार्चमध्ये आपल्या उमेदवाराचं नाव सापडत नाही म्हणून फोन येतात.

बाकी पदांना २०१२ पासून टॉप-टू आहे: सगळे पक्ष एकाच यादीत, पहिले दोघे नोव्हेंबरला, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. आमच्या भागात २०१४ आणि २०१६ दोन्हीदा नोव्हेंबरची लढत माइक होंडा विरुद्ध रो खन्ना, दोघेही डेमोक्रॅट. पहिल्यांदा होंडा, दुसऱ्यांदा खन्ना. निष्ठावंताची पंचाईत इथे: सहा महिने शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि तोही आपल्याच पक्षाचा. २०२४ ला शेजारच्या १६ व्या मतदारसंघात दुसऱ्या जागेसाठी इव्हान लो आणि जो सिमिटियन यांना नेमकी ३०,२४९-३०,२४९ मतं पडली. फेरमोजणीत लो ५ मतांनी पुढे आले. ज्या पाकिटांची सही जुळली नव्हती आणि पत्र फेकलं गेलं होतं, ती किती असतील याचा विचार करा.

डेलिगेटांचं गणित आवडणाऱ्यांसाठी: काँग्रेस मतदारसंघात ४ डेलिगेट असतील आणि दोनच उमेदवार, तर ६२ टक्के मिळवूनही वाटणी २-२. तीन-एक करायला साडेबासष्ट लागतात. ५ असतील तिथे अर्ध्याहून एक मत जास्त मिळालं की ३-२. म्हणून छावण्या विषम आकड्याच्या मतदारसंघात माणसं पाठवतात आणि समवाल्यांना वाऱ्यावर सोडतात. "आमच्याकडे कुणी फिरकलंच नाही" या तक्रारीचं निम्मं कारण हे असतं.

फिलीकर

छोटीशी भर. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी "बंद" आहे, म्हणजे त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत, पक्षनोंदणी १५ दिवस आधी. टपाली मताला दोन पाकिटं: आतलं गुप्ततेचं, बाहेरचं सहीचं. आतलं पाकीट वगळून थेट बाहेरच्यात पत्रिका घातली की ती "नागडी" ठरते आणि मोजत नाहीत. आतल्या पाकिटावर काहीही लिहू नका, हसरा चेहरासुद्धा नाही. बाहेरच्यावर सही आणि त्या दिवसाची तारीख. तारखेत जन्मदिनांक लिहिणारे दरवर्षी निघतात.

क्वीन्सकर

न्यूयॉर्क म्हणजे बंद दार. एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती. ट्रंप यांच्या दोन मुलांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही ते याचमुळे. आता मुदत १४ फेब्रुवारी आहे. तरी जूनमध्ये मत द्यायची इच्छा मे महिन्यात होणारे खूप असतात, त्यांना काही करता येत नाही.

शहराच्या पदांना २०२१ पासून पसंतीक्रमाचं मतदान, पाचपर्यंत. लोक करतात त्या चुका: एकाच माणसाला पाचही जागी भरणं (मोजलं जातं एकदाच, जोर वाढत नाही), एका स्तंभात दोघांना खूण करणं, आणि एकच नाव देऊन बाकी मोकळं सोडणं. तिसरी चूक नाही, हक्क आहे, पण तुमचा माणूस बाद झाला की पत्रिका तिथेच संपते. २०२१ ला शेवटच्या फेरीपर्यंत सुमारे १५ टक्के पत्रिका अशा संपल्या होत्या, आणि महापौरपदाचे उमेदवार एरिक अ‍ॅडम्स यांची आघाडी होती सुमारे ७,२०० मतांची. त्यात निवडणूक मंडळाने मधल्या निकालात चाचणीच्या सव्वा लाखाहून जास्त पत्रिका चुकून मिसळल्या आणि काही तासांत आकडे मागे घ्यावे लागले.

या पद्धतीने निष्ठावंताची भाषा बदलली. आधी "आमचा माणूस की तुमचा" असायचं, आता दारावर "पहिला त्यांना देताय, हरकत नाही, दुसरा आम्हाला द्या" म्हणावं लागतं. २०२५ ला महापौरपदाचे उमेदवार ममदानी आणि लँडर यांनी एकमेकांना दुसरी पसंती द्या म्हणून उघड सांगितलं. सवय नसलेल्या कार्यकर्त्याला हे जड जातं, पण भांडण कमी होतं एवढं खरं.

डेट्रॉइटकर

सह्यांवर बोलू. मिशिगनमध्ये काँग्रेसला १,००० वैध सह्या लागतात, राज्यपालाला १५,०००. २०२२ ला राज्यपालपदाचे पाच रिपब्लिकन उमेदवार पत्रिकेबाहेर गेले, कारण पैसे देऊन नेमलेल्या सह्या गोळा करणाऱ्यांनी खोट्या सह्या भरल्या होत्या. २०२४ ला १३ व्या मतदारसंघात अ‍ॅडम हॉलियर यांच्या वैध सह्या हजाराला पुरल्या नाहीत आणि तेही बाहेर. त्या मतदारसंघाचे खासदार श्री ठाणेदार, आपले बेळगावचे. २०१८ ला राज्यपालपदाच्या प्रायमरीत तिसरे, २०२२ ला नऊजणांच्या गर्दीत सुमारे २८ टक्क्यांवर काँग्रेसची प्रायमरी जिंकले. नऊजण असले की एवढं पुरतं. इथल्या मराठी घरांत त्यांच्यावरून दोन तट आहेत: "आपला माणूस" एका बाजूला, "आपला म्हणून का?" दुसऱ्या बाजूला. मला दुसरा प्रश्न जास्त निरोगी वाटतो, पण बोलायचं ते सह्यांबद्दल.

गरजेच्या दुप्पट तरी गोळा करा. पत्ता नोंदणीतला, टपालाचा नव्हे. एका पदासाठी चालतात त्याहून जास्त उमेदवारांना सही दिली तर ती अडचणीत येते, म्हणून आधी "आणखी कुणाला दिलीत का" विचारा. तारीख सही करणाऱ्याने स्वतः घालावी. नवऱ्याने बायकोची सही केली तर दोन्ही संशयात. एकाच अक्षरात ओळीने पाच सह्या दिसल्या की समोरचा वकील तोच कागद सगळ्यात आधी उचलतो. रोज संध्याकाळी मतदारयादीशी ताडून बाद सह्या स्वतःच खोडा.

ऑगस्टच्या पत्रिकेत दोन्ही पक्षांचे स्तंभ शेजारी असतात. दोन्हीकडे एकेक खूण केली की पक्षाच्या सगळ्या पदांची मतं रद्द. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत मात्र पक्ष आधी अर्जावर सांगायचा.

नाराज निष्ठावंताला आमच्या राज्याने एक चौकोन दिलाय: "अनकमिटेड", म्हणजे कुणालाच बांधील नाही. २७ फेब्रुवारी २०२४ ला एक लाखाहून जास्त लोकांनी, सुमारे १३ टक्क्यांनी, बायडन यांच्या गाझा धोरणाच्या निषेधात तो भरला. पक्ष न सोडता पक्षाला सुनवायची ही रीत. नेवाडाच्या रिपब्लिकन प्रायमरीत त्याच महिन्यात "यांपैकी कुणीही नाही" हा पर्याय निक्की हेली यांच्यापुढे गेला. आपल्या नोटासारखाच, पण जास्त बोलका.

शिकागोकर

सुपरडेलिगेटांवर कुणीच लिहिलं नाही? डेमोक्रॅट निष्ठावंताचं मन सगळ्यात जास्त तिथेच विटलं. खासदार, राज्यपाल, पक्षाचे पदाधिकारी, सातशेवर मंडळी, आपापल्या मनाने मत देणारी. २०१६ ला एकही राज्य व्हायच्या आधी टीव्हीवरच्या तक्त्यात क्लिंटन यांच्या नावापुढे शेकडो दिसायचे. ६ जूनला, कॅलिफोर्नियाच्या आदल्या दिवशी, असोसिएटेड प्रेसने तेच धरून उमेदवारी ठरली म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात मतांतून निवडलेल्या डेलिगेटांतही त्याच साडेतीनशेवर पुढे होत्या. म्हणजे सुपरडेलिगेट नसते तरी निकाल तोच लागला असता, पण तक्त्याने कायमची अढी घालून ठेवली. ऑगस्ट २०१८ पासून पहिल्या फेरीत त्यांना मत नाही, निकाल आधीच पक्का असेल तर गोष्ट वेगळी.

आणि २०२४. बायडन यांना प्रायमरीत १ कोटी ४० लाखांच्या आसपास मतं, २१ जुलैला माघार, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन हजेरीतून कमला हॅरिस यांची उमेदवारी. "मग आम्ही मार्चमध्ये कशाला गेलो?" हा प्रश्न रास्त आहे. नियमाचं उत्तर असं: डेमोक्रॅटिक डेलिगेटावर पाठवणाऱ्या मतदारांचा कौल सद्सद्विवेकाने राखायचं बंधन आहे, यंत्रासारखं मत देण्याचं नाही. ज्याच्या नावावर निवडून आले तोच बाजूला झाल्यावर ते मोकळे. म्हणून प्रायमरीच्या पत्रिकेत तळाशी डेलिगेटांची नावं असतील तर ती वाचा. इलिनॉयमध्ये ती असतात, आणि बहुतेक लोक पान न उलटता निघतात.

व्हर्जिनियाकर

दारोदारीबद्दल. आमच्याकडे पक्षनोंदणी नाही, म्हणून यादी अंदाजाने बनते: गेल्या तीन प्रायमऱ्यांत कुणी कितीदा मत दिलं. तीनपैकी तीन वाल्यांना समजावायची गरज नसते. तीनपैकी एक वाल्यांकडे वेळ घालवा. फोनवरच्या मिनीव्हॅन अ‍ॅपमध्ये १ ते ५ आकडा भरायचा: १ पक्का आपला, ३ कुंपणावर, ५ पक्का विरोधी. नवे कार्यकर्ते गोड बोलणाऱ्या प्रत्येकाला २ देतात. ते बहुतेक ४ असतात. "विचार करतो" हे आपल्याकडे नकाराचं सभ्य रूप आहे हे मराठी माणसाला तरी सांगायला नको.

तासाला पंधरा-वीस दारं, उघडतात त्यातली चार-पाच. कागद दाराच्या कडीत अडकवा, टपालपेटीत टाकू नका, तिकिटाविना त्यात काही टाकणं केंद्रीय कायद्याला मंजूर नाही. देशी घरात चहाला नम्रपणे नाही म्हणा, नाहीतर संध्याकाळ तिथेच संपते. आणि दारात बायको उभी असेल तर नवऱ्याचा पक्ष यादीत काय दिसतोय ते तिला सांगू नका. एका घरात दोन पक्ष असतात, कधी एकमेकांच्या नकळत.

धागाकर्ता

व्हिसावर असलेल्यांनी काय करावं, असं दोघांनी विचारलंय.

व्हर्जिनियाकर

बिनपगारी काम करता येतं, दारावर जाता येतं. ग्रीन कार्ड असेल तर देणगीही चालते. एच-वनवर देणगी देता येत नाही, पाच डॉलरसुद्धा नाही. मत देणं मात्र नागरिक होईपर्यंत कुणालाच नाही, आणि हे हलक्यात घेऊ नका. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना खिडकीवरचा माणूस मतदारनोंदणीचं विचारतो, मागे रांग असते, माणूस सवयीने "हो हो" म्हणून सही करतो. पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत तो कागद समोर येतो. यंत्राच्या पडद्यावरचा तो चौकोन स्वतः वाचा, "नाही" दाबा, आणि पावतीवर तसंच छापलंय का ते तिथेच बघून मग निघा.